शेवटच्या ट्रामनंतर

ब्राउनश्वाइगची शेवटची ट्राम एक वाजून सात मिनिटांनी जाते.
तिच्या जाण्याने तळघरातलं टेबल
केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाइतकं हलतं.
आमच्याकडे त्याला भूकंप म्हणतात.
म्हणून वीब्के ओलेनडोर्फ थांबते,
गार कॉफीत बिस्किट बुडवत,
आणि मी दिवे मालवतो.

बाटलीत सोनं आहे, पण पिवळं नव्हे:
बीट उकडलेल्या पाण्यासारखं लाल.
इतकं बारीक झालं की आपला रंगही विसरलं.
त्यातला एकेक कण तिने डीएनएच्या दोरीने
एकेका रंगरेणूशेजारी बांधलाय,
मध्ये बारा नॅनोमीटर सोडून.
कमी सोडलं तर सोनं उजेड गिळून टाकतं;
सुरी सोन्याची असली म्हणून कुणी उरी मारून घेत नाही.
जास्त सोडलं तर शेजार असून नसल्यासारखा.

लेझर लागतो. रेणू लुकलुकतात,
एक इथे, मग बराच वेळ काही नाही, मग दोन.
उजेडाचा ठिपका नेहमीच फुगीर, धुरकट.
त्याचा मध्य शोधायचा, एवढंच आमचं काम.
प्रकाशकण जितके जास्त, मध्य तितका नेमका.
सोन्याशेजारी ते वीसपट आले.
मी टाळी वाजवणार होतो.

वीब्केने हात वर केला.
"हा इथे नाहीये," ती म्हणाली.
"आपण बांधला होता तिथून सरकलाय. सोन्याकडे."
रेणू जागचा हलला नव्हता.
उजेड सोन्यातून वळून आला होता
आणि विचारलं तर पत्ता सोन्याचा सांगत होता.

मग बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.
मग, माझ्याकडे न बघता, वडिलांचं सांगू लागली.
वोल्फेनब्युटेलला असतात. घड्याळं दुरुस्त करायचे.
यंदा थंडीत कानाला नवं यंत्र बसवलं,
आता सगळं ऐकू येतं,
पडलेला चमचा, पलीकडच्या बागेतलं कुत्रं,
फक्त कुठून, ते कळत नाही.
ती स्वयंपाकघरातून हाक मारते
आणि ते खिडकीला "आलो" म्हणतात.

वहीत तिने लिहिलं: एकवीस नॅनोमीटर, सोन्याच्या दिशेने.
खाली पेन्सिलीने: दोरी वाढवून बघणे.
चूक केवढी ते कळलं की वजा करता येते, म्हणाली,
पण पान लगेच उलटलं नाही.

पावणेपाचला पहिली ट्राम आली.
टेबल हललं, पडद्यावरचे ठिपके पुसटले.
कोटाची बाही शोधत ती म्हणाली,
रविवारी आधी समोर जाऊन उभी राहीन.
मग हाक मारीन.