काकडीचा वास

फेब्रुवारीत पेयप्सी सरोवर झोपेत कूस बदलतं.
बर्फाच्या पोटात कुठेतरी तडा जातो
आणि त्याचा आवाज आपल्या पायाखालून
थेट समोरच्या किनाऱ्याकडे पळतो, रशियात.
त्याच्याकडे कुणी कागद मागत नाही.

सासरे म्हणायचे, बर्फ बोलतोय तोवर जाळं सोडायचं नाही.
गप्प झाला की सगळं टाकून घरी यायचं.
जाळं पुन्हा विणता येतं.

मी आणि धाकटा दीर येवलाम्पी पहाटे पाचला निघतो,
त्यानेच जोडलेल्या गाडीवर.
गाडी म्हणजे जुन्या मोटारसायकलचं इंजिन,
लॉरीच्या चार फुगलेल्या ट्यूबा,
गंजक्या पायपांचा सांगाडा
आणि ब्रेक नाही.
धडकायला आहेच काय इथे?
सीमेच्या खुणेसाठी रोवलेल्या फरच्या फांद्या तेवढ्या,
त्यांच्या बऱ्याच अलीकडे आम्ही थांबतो.

मग भोकं.
एका भोकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात
लांब काठी सरकवायची, काठीमागे दोरी, दोरीमागे जाळं,
लेंग्यात नाडी ओवावी तसं.
येवलाम्पी ढकलतो, मी हुकाने धरते.
बोलत नाही आम्ही.
बोललं की तोंडातली ऊब जाते,
आणि कांद्याच्या पैशांवरून जे बोलायचं
ते गेल्या उन्हाळ्यातच बोलून झालंय.

कालचं जाळं वर येतं.
बारा ओकुन, पाठीवर काट्यांचा पंखा उभारलेले,
दोन सुदाक, काचेच्या डोळ्यांचे,
एक बूट. डाव्या पायाचा.
येवलाम्पी तो ठेवून घेतो.
उजवा येईल कधीतरी, म्हणतो.

तेवढ्यात एका ओकुनने ओकलं काहीतरी.
करंगळीएवढं, आरपार दिसेल इतकं फिकं.
मी हातमोजा काढून ते उचललं
आणि नाकाशी न नेताच कळलं.

काकडी.
नुकतीच कापलेली, अजून मीठ न लावलेली
जुलैतली काकडी.

स्नेतोक!
सोळा वर्षं झाली शेवटचा पाहून.
मी लग्न होऊन आले तेव्हा
भट्ट्यांमधून तो पोत्यांनी वाळायचा.
उशीला वास, प्रार्थनेच्या पुस्तकाला वास,
पहिल्या रात्री नवऱ्याच्या मानेलाही तोच.
मला मळमळायचं.
मग ओळीने दोन उन्हाळे पाणी कोमट झालं, हिरवं झालं,
आणि वास गेला, कुणाला न सांगता.
मागोमाग भट्टीवाले गेले, मग शाळा.
नवरा फिनलंडला गेला घरं रंगवायला.
अजून रंगवतोय.

घरी झिनोवी, माझे सासरे,
विटांच्या शेगडीला पाठ टेकून
चामड्याच्या जपमाळेच्या पायऱ्या मोजत बसलेले.
डोळे गेलेत, ऐकू अर्धंच येतं.
डोक्यावर कांद्याच्या वेण्या टांगलेल्या.
मी काही बोलले नाही.
नुसती मूठ उघडली त्यांच्यासमोर.

माळ थांबली.
"भर थंडीत काकडी कोण कापतंय?"
नंतर बराच वेळ काही नाही.
मग, "किती?"

"जाळं भरून," मी म्हटलं.
का म्हटलं, देव जाणे.
उपासाचे दिवस जवळ आलेत,
आता खोटं मोजलं जातं.

त्यांनी हात लांब करून माझ्या डोक्यावरचा रुमाल चाचपला,
हुंगला. बाही हुंगली.
"जाळं भरून असते, लुकेर्या,
तर तुझ्या केसांना आला असता."

रागावले नाहीत. चिमटीतला मासा
माझ्या तळव्यावर परत ठेवला,
आणि किती वर्षांनी तो जुना, नावेवरचा, घाईचा आवाज:
"पोट बघ. गाभोळी आहे का?"

मी दिवा जवळ ओढला.
येवलाम्पी, बूट हातात तसाच,
दारात थांबला.