उशिराचा दाखला

हॅलोबी ते स्टेनक्लिफ, एकेरी रूळ, अकरा मैल.
डिझेलवरची दोन डब्यांची गाडी.
रंग हिरवा; खरवडला तर खाली निळा,
त्याखाली कुठल्या बुडालेल्या कंपनीचं अर्धं नाव.
आताचा मालक बटाट्यांचा व्यापारी,
रेल्वे घेतली, सांगत फिरतो, एका ट्रॅक्टरच्या भावात.
गार्ड मी. डरहॅम परगण्यात अकरावं वर्ष.
आमच्या गावात रूळच नव्हते.

सकाळी सहा-बावन्नला वीस-बावीस जपानी माणसं
पिवळ्या रेघेमागे रांगेत.
डोंगराआड गिअरबॉक्सचा कारखाना, त्याच्यासाठी ही माणसं,
आणि खरं सांगायचं तर त्यांच्यासाठी ही गाडी.

पहिल्याच हिवाळ्यात मिनेगिशी नावाचा एक जण
टोपी काढून म्हणाला, गाडीला सात मिनिटं उशीर झाला.
मी माफी मागायला तोंड उघडलं.
त्याला माफी नको होती. कागद हवा होता.
त्यांच्याकडे म्हणे स्टेशनातून चिठ्ठी मिळते,
साहेबाच्या टेबलावर ठेवली की विषय संपला.

म्हणजे दाखला!
माझे वडील तहसील कचेरीत जन्मभर तेच लिहीत बसले:
रहिवासाचा, उत्पन्नाचा, हयात असल्याचा.
समोरच्या म्हाताऱ्याला विचारावंच लागे, हयात आहात ना?
तो म्हणे, रावसाहेब, तुम्ही लिहाल तसं.

तिकिटाच्या मागे लिहिलं, इंग्रजीत, पण वळण कचेरीचं:
दाखला देण्यात येतो की आज गाडी सात मिनिटं उशिरा.
कारण: मेंढ्या.

मग सवयच लागली.
कारण: धुकं. कारण: रुळांवर ओली पानं.
कारण: ड्रायव्हर कथबर्टचा चहा.
एकदा, कारण: हरणाचं पाडस, थांबून बघत होतं, आम्हीपण.
तो दाखला म्हणे साहेबानं फाईलला लावलाच नाही,
घरी नेला.

मालक बोंबलला, उशिराची जाहिरात करतेस काय!
आठवड्यानं स्वतःच शिक्का घेऊन आला,
गोण्यांवर मारायचा, अक्षरं बदललेला.
कोपऱ्यातला बटाटा तेवढा राहून गेला.

मार्चमध्ये मिनेगिशीचे वडील आले.
रोज मुलाबरोबर चढायचे,
कारखान्याच्या एक स्टेशन आधी उतरून ओढ्याकाठी फिरायचे.
तोवर ड्रायव्हरच्या काचेमागे उभे.
सिग्नल आला की हातमोज्यातलं बोट पुढे,
ओठांत एक शब्द.
चौतीस वर्षं अशीच गाडी हाकलेली,
खासगी, दोन डब्यांची, समुद्राकाठून शाळेची पोरं नेणारी.
पोरं संपली. गाडी संपली.

त्या दिवशी आम्ही मिनिटाला मिनिट वेळेवर.
तरी उतरल्यावर म्हाताऱ्यानं दोन्ही हात पुढे केले.
मुलगा दारात ओशाळला. बाबांना काहीतरी म्हणाला.
बाबा त्याहून जास्त काहीतरी म्हणाले.
त्यानं बराच वेळ भाषांतर केलं नाही. मग:
“शेवटची गाडी पोचवून मी उतरलो.
फलाटावर एक बाई होती, डबा हातात, पुढच्या गाडीसाठी.
तिला मी काहीच लिहून दिलं नाही, म्हणतात.”

सिग्नल कधीचा पडला होता.
कथबर्टनं हॉर्न दिला, पुन्हा दिला.
मी शिक्का मारला. तारीख घातली.
मिनिटांच्या जागी आडवी रेघ.
कारण, इथे पेन अडलं.
अण्णा असते तर विचारलं असतं,
न येणाऱ्या गाडीला नमुना कुठला?

कोराच दिला.
त्यांनी दोन्ही हातांनी घेतला, वाचला,
कोरी जागासुद्धा वाचली.

कारखान्याच्या फलाटावर आम्ही चार मिनिटं उशिरा.
बावीस हात पुढे, मिनेगिशीचाही.
एकेकाला लिहून दिलं, खरं होतं तेच,
कारण: एक दाखला.