दोन आणे मैल

शनिवारी संध्याकाळी मी चिठ्ठीच्या खोक्यात बसते.
खोकं म्हणजे टपरीच: एक स्टूल, एक छपाईयंत्र,
डासांसाठी पंखा आणि हातभर खिडकी.
मागे सोयाबीन, पुढे सोयाबीन,
मध्ये काळी पट्टी, मैलाचे दोन आणे.
इंडियानाच्या या कोपऱ्यात याहून सरळ काही नाही,
नदीसुद्धा नाही.

मला सुरुवात दिसत नाही.
ती होते तिकडे, खांबावरच्या दिव्यांपाशी.
मला ऐकू येते: आधी पाण्यात टायर घासल्याची किंकाळी,
मग धूर, वारा इकडचा असेल तर खिडकीतून आत,
जळक्या रबराचा, गोडसर.
(उशीलाही तोच वास. माझी तक्रार नाही.)
मग हार्लन भोंग्यावर नावं पुकारतो,
दिवसा तो खाटीक, बोलतोही तोडून तोडून.
मग श्वासभर काहीच नाही.
मग सगळंच.
स्टूल हलतं. बरगड्यांत कुणीतरी ताशा बडवतं.
आणि यंत्र माझ्या हाताशी कागद ओकतं.

इथली रीत अशी, की पळण्याआधी आपणच
गाडीच्या काचेवर बुटाच्या पांढऱ्या पॉलिशने लिहायचं,
किती वेळात पोचणार.
संथ गाडीला तेवढी आधी सोडतात.
आणि लिहिल्यापेक्षा लवकर पोचलात, तर हरलात.
मला हे कळायला दोन उन्हाळे लागले.
नवऱ्याला अजून कळलेलं नाही; तो मासे धरायला जातो.

व्हर्ना स्टकी, वय एकसष्ट, शाळेची बस चालवते.
आठवडाभर ताशी पंचवीस मैल,
रूळ आले की थांबून, दार उघडून, कान देऊन.
शनिवारी बाहेर काढते डस्टर,
बहात्तर सालची, वांगी रंगाची,
दाराला गंज, आणि बॉनेटखाली
लग्नाच्या अंगठीहून महाग ऐवज.
काचेवर लिहिलं: ८.४०.

शेजारच्या लेनमध्ये वेस्ली, सतरा वर्षांचा,
आजोबांचा ट्रक घेऊन. ९.१५.
आकडे असे, जणू चालत्या गाडीत काढलेले.

ट्रक आधी सुटला.
पाऊण सेकंद व्हर्ना नुसती बसली असणार,
शेजारचं धूड पुढे जाताना बघत.
मी पाहिलं नाही, पण तिचा पाय मला ठाऊक आहे.
मग आली डस्टर, आणि दोघांचा आवाज एकच झाला.
फलकावरचा एक बल्ब गेलाय, आठाचा सहा दिसतो,
म्हणून लोक आधी ओरडले, मग गप्प झाले,
मग माझ्या टपरीकडे बघू लागले.

कागदावर ८.३९.
एक शतांश. तेवढ्यात पापणीही धड लवत नाही.

ती आली, हेल्मेट मांडीवर, केस कपाळाला चिकटलेले.
चिठ्ठी वाचली, चष्मा लावून पुन्हा वाचली,
आणि अशी हसली की इंजिन बंद पडलं.
"स्वतःलाच खोटं पाडलं की मी! या वयात!"

मागून वेस्ली. जिंकल्याचं त्याला हार्लनने दोनदा सांगावं लागलं होतं.
"आणखी एक मिळेल? आजोबांना नळी लावलीय, येता येत नाही.
एक त्यांना, एक मला."
यंत्र लेनला एकच देतं, मी म्हटलं.
व्हर्नाने काचेतून हात लांबवला.
"माझी घे. दोघांचे आकडे दोन्हीवर असतात."

साडेदहाला दव उतरलं.
हार्लनने पट्टीवर तळवा फिरवला, ओला निघाला;
आजचं संपलं.
उरलेले बटाट्याचे काप फुकट वाटले.

जाता जाता त्याने मुलीला सायकलवर सोडलं, दिवे लावून,
हिरवा होईपर्यंत थांबायला लावून.
काच नव्हती, म्हणून तिने तळहातावर लिहिलं होतं: ३०.
यंत्राने छापलं: ३१.६२.
ती धापा टाकत आली.
तिचा हात खिडकीपर्यंत पुरेना.
मी खोक्याबाहेर आले.