पाटी रंगवणाऱ्याचं बिल

माझगावात, डॉकयार्डच्या उतारावर
ती पाटी मी रंगवली.
फ्लेक्स आल्यापासून मला बोलावणारं
वर्षातलं ते दुसरंच गिऱ्हाईक.
फोनवर बाई म्हणाल्या, क्रिओल जेवण.
माझ्यामागे ट्रक रिव्हर्स घेत होता.
मी ऐकलं, कोळी.
त्यात परत विचारायचं काय?
पिवळ्यावर निळी अक्षरं, ‘ळ’ला ऐटबाज गाठ,
कोपऱ्यात एक पापलेट, फुकट.

बाई शिडीखाली उभ्या राहून
बराच वेळ पापलेटाकडे बघत होत्या.
मारी-क्लेर भिवा, मॉरिशसच्या, माएबूर गावच्या.
देवनागरी त्यांना येत नव्हती.
नवऱ्याला येत होती, बोट ठेवून वाचण्यापुरती.
दामोदर भिवांचं मराठी पोथीतून उठून आल्यासारखं,
“आपण बसावें, चहा घ्यावा.”
पाटी वाचून ते हसायला लागले,
आणि हसता हसता खोकायला.

उद्या पुसतो म्हटलं, टर्पेंटाइन माझं.
उद्याच्या आत हिरूबाय आली धक्क्यावरून,
डोक्यावरची टोपली न उतरवता:
“आमचा नाव लावलास, मंग चव दाव.”

तिला विंदाय वाढलं.
तळलेली सुरमई, वाटलेली मोहरी, हळद, शिरका,
अख्खे बारके कांदे,
तीन दिवस बरणीत मुरलेले.
शेजारी रुगाय, टोमॅटोचं, लालभडक,
आणि चणाडाळीचे वडे, ज्यांना ते
गातो पिमाँ म्हणतात, तरी ते वडेच.
हिरूबाय सावकाश जेवली.
काटे ताटाच्या कडेला ओळीनं लावले.
“ह्या आमचा नाय,” म्हणाली.
“पन मासा आमचाच हाय.”
दुसऱ्या दिवसापासून सुरमई तीच आणून टाकते.
भाव एका रुपयानं कमी केलेला नाही.

तरी मी ब्रश घेऊन गेलो. चूक ती चूक.
दामोदरजींनी आतून एक कागद आणला,
दुधाच्या पिशवीत गुंडाळलेला, झेरॉक्सची झेरॉक्स.
बोटीचं नाव, तारीख, उंची पाच फूट दोन,
डाव्या दंडावर व्रण.
नाव: भिवा. पुढची जागा कोरी.
उसाच्या मळ्यावरच्या कारकुनानं
तेच नाव उचलून आडनावात टाकलं.
तेव्हापासून आम्ही सारे भिवा, ते म्हणाले,
ही भिवा, मुलगी भिवा, मांजरसुद्धा.
खरं आडनाव इथंच कुठं
बंदरावर राहिलें असावें.
म्हणजे ऐकण्यात चुकणारे, पेंटर,
आपणच पहिले, असें का वाटतें आपणांस?

मी ब्रश परत डब्यात घातला.

चार वर्षं झाली. पाटी तीच.
लोक येतात, तिसऱ्या मागतात, बोंबील मागतात.
रेजीन, त्यांची मुलगी, गल्ल्यावर बसून
प्रत्येकाला पहिल्यापासून समजावते.
काही उठून जातात, खुर्ची तशीच तिरकी ठेवून.
भाडं दोनदा थकलं.
एकदा शटर आठ दिवस बंद होतं,
कुणी विचारलं नाही असं मला वाटलं,
तर हिरूबायनं शटरवर खडूनं लिहून ठेवलेलं,
तीन सुरमया, पैसे बाकी.

माझे अठराशे ठरले होते.
हजार रोख मिळाले, बाकीचे मी जेवून वसूल करतो.
हिशेबाच्या रेघा रेजीन भिंतीवर मारते, पेन्सिलनं.
मला वाटतं, कधीच फिटले.
ती म्हणते, अजून दोन ताटं आहेत.
गेल्या वर्षीपण दोनच होती.

मोरीच्या खिडकीत माझाच निळ्या रंगाचा डबा,
तळाला भोक पाडून.
त्यात बारीक पानांचं एक झुडूप.
बाई चिमटीनं पानं ओरबाडतात, रुगायात टाकतात.
वास ओव्याच्या बाजूचा, पण ओवा नव्हे.
परवा विचारलं, ह्याला म्हणतात काय?
त्यांनी सांगितलं.
मिक्सर चालू होता.
मी मान डोलावली.