नाकासमोर

अशोकनगरातल्या आमच्या खोलीपासून कंपनीचं गेट
चालत नऊ मिनिटं.
मी सतरा मिनिटांत पोचते.
बारा वर्षं झाली.

मधे ट्रकांचा एक बंद पडलेला वजनकाटा आहे,
त्याच्या ओट्यावर सकाळी साडेसहालाही कुणी ना कुणी असतंच.
गाडी स्टँडवर, एक पाय टाकीवर,
तोंडात गाण्याची तेवढीच एक ओळ.

काही करत नाहीत तसं.
मीच सांगते सगळ्यांना, काही करत नाहीत.
एकदा फक्त "आज निळा" म्हणाला कुणीतरी.
ड्रेसचा रंग. बस, एवढंच.
तक्रारीत काय लिहायचं, साहेब,
त्यानं रंग बरोबर ओळखला?

तेव्हापासून भाजीबाजाराच्या मागून जाते.
कोथिंबिरीच्या जुड्या बांधणाऱ्या बायका ओळखीच्या झाल्या,
एवढा तरी फायदा.

लाइनवर मी क्वालिटीला.
हातात गेज. भोकात गेला तर पास,
अडकला तर माल लाल पेटीत.
वीस मायक्रॉनचा फरक मी पकडते
आणि कुणी मला विचारत नाही
की तुझाच काही गैरसमज झाला असेल का.

पुष्पलता गांगुर्डे म्हणते, कानात हेडफोन घालत जा.
ती गाणं लावत नाही.
नुसती वायर, दुसरं टोक पर्समध्ये मोकळंच.

गुरुवारी चैत्राली क्लासवरून उशिरा आली.
आठवीत आहे.
"कुठून आलीस?"
"मागून."
"मागून का गं?"
"असंच."
चपला काढता काढता, खाली बघत.

तो रस्ता मी तिला कधी दाखवला नव्हता.
रंग बापाचा, डोळे सासूबाईंचे,
माझं म्हणून काय उतरलंय तिच्यात
शोधत होते इतकी वर्षं.
सापडलं.

आई म्हणायची, पोरीच्या जातीनं नाकासमोर चालावं.
आणि ह्या गावाचं नावच, म्हणतात,
एका बाईच्या कापलेल्या नाकावरून पडलेलं.
तिचं नाक गेलं, गावाला नाव मिळालं.
आम्ही आपापलं नाक स्कार्फात गुंडाळून
समोरचा रस्ता सोडून चालतोय.

शनिवारी कंपनीला सुट्टी.
तिला म्हटलं, चल.
वळणावर ती आपोआप डावीकडे वळायला लागली,
मी सरळ निघाले
तर माझी दोन बोटं धरली तिनं,
बालवाडीत जाताना धरायची तशी.

ओट्यावर तिघं.
बारा वर्षांत पोरं बदलली, गाणंही बदललं होतं,
ओळ म्हणायची तऱ्हा तीच.

मी थांबले.
भाषणबिषण काही नव्हतं माझ्याजवळ,
गुडघे हलत होते, खरं सांगते.
फक्त स्कार्फ सोडला.

मधला पटकन टाकीवरून पाय काढून उभा राहिला.
"काकू, तुम्ही होय!"
शिरसाठबाईंचा धाकटा.
ह्याच्या बारशाला मी घुगऱ्या वाटल्या होत्या.
"सॉरी काकू. आम्हाला वाटलं, दुसरंच कुणीतरी."

दुसरंच कुणीतरी.

"कोण रे दुसरं? नाव सांग तिचं."
तो गाडीच्या आरशात बघायला लागला.
दुसऱ्यानं मोबाइल काढला.
तिसरा हसला, मग हसू कुठे ठेवावं त्याला कळेना.
आम्ही तिथेच उभ्या.
एक टेम्पो गेला, खताच्या गोण्यांचा,
धूळ खाली बसली तरी उभ्या.
नाव काही आलं नाही.

मग निघालो.

गेटवर वॉचमन म्हणाला, "मॅडम, आज सुट्टी ना?"
"हो. रस्ता मोजायला आले होते."

चैत्रालीनं बोटं सोडली,
माझ्या मनगटावरच्या घड्याळात वाकून पाहिलं.
"अकरा मिनिटं," म्हणाली,
"पण त्यातली दोन आपली उभं राहण्याची."