हलवता येण्याजोगे

कलम चार, पोटकलम ख :
रुग्णाची प्रकृती इस्पितळात हलवता येण्याजोगी नसावी,
तरच घरचे उपचार ग्राह्य.
सलग तीन दिवसांहून अधिक.
डॉक्टरांचा दाखला जोडावा.

मी हे तीनदा वाचलं, चष्मा पुसून परत एकदा.
मग फोनवरच्या मुलीला विचारलं,
अगं, हलवता येण्याजोगी म्हणजे कशी?
धनकवडीत तिसरा मजला आमचा, लिफ्ट नाही,
एकोणपन्नास पायऱ्या, मधल्या वळणावर चोरगेंची सायकल.
त्या रात्री प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून
चौघांनी उतरवलं यांना.
पुढे गिरणीवाला विनायक, हात न धुताच धावलेला.
बंडीवरचे त्याच्या पिठाचे पंजे
मी अजून धुतलेले नाहीत.
ती म्हणाली, मॅडम, जिना पॉलिसीत येत नाही.
प्रकृती येते.

बरं, प्रकृतीचं सांगते.
उजवी बाजू गेली.
गेली म्हणजे कुठे गेली नाही, इथेच आहे,
रोज सकाळी मीच तिला उचलून बाहीत घालते.
भोसरीला एकतीस वर्षं लेथवर होते,
केसाएवढा फरक अंगठ्याला कळायचा.
त्या अंगठ्यातून आता चमचा निसटतो.
फिजिओ पठारे येते, खेपेला सातशे.
रात्रीचा रोशन, नऊशे.
हवेची गादी भाड्याची, रात्रभर घरघरते,
दोघांच्या खोलीत तिघांचे श्वास.

सहा आठवडे मी एकच सांगत आले :
उठा.
माझा खांदा धरा, मला शिव्या द्या, पण उठा.
पलंगापासून फ्रिजपर्यंत चार पावलं.
बुधवारी पाच पडली,
तेव्हा कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी,
मी पाच लिहिलं.

आणि काल रात्री दिवा मालवून
त्यांच्या कानाशी जाऊन म्हणाले,
उद्या कंपनीचा माणूस बघायला येणार आहे.
उद्या उठू नका.

ते काही बोलले नाहीत. तसंही अर्धंच बोलता येतं.
डावा डोळा मात्र बराच वेळ उघडा होता.

अकराला आले. डॉक्टर मुजावर, मिरजेकडचे,
पोरसवदाच, पण जिन्याने दमवलेले.
बूट दाराबाहेर काढले, पाणी घेतलं,
फाइल उघडत म्हणाले, काय काका, कसं काय?

आणि हा माणूस,
रात्रपाळीहून आला असला तरी
दारात कुणी दिसलं की ताटावरून उठणारा,
डाव्या हाताने पलंगाची कड धरून
उठला.
गुडघा थरथरला, बंडी वर सरकली,
पण पूर्ण उठला,
आणि तोंडाच्या बऱ्या कोपऱ्यातून म्हणाला,
बसा.

मी कपाळाला हात लावला नाही.
खोटं कशाला बोलू, मी मोजत होते.
नऊ सेकंद.

मुजावर बसले. बसा म्हटलं म्हणून बसले.
पेन चौकोनापाशी आलं,
हलवता येण्याजोगी : होय, नाही,
आणि तिथेच थांबलं.
म्हणाले, काकू, थोडा चहा मिळेल?
ओट्यापाशी आलं ठेचत राहिले,
पार लगदा होईस्तोवर.
बाहेर एक पान उलटल्याचा आवाज झाला.
मी विचारलं नाही. ते म्हणाले,
पंधरा दिवसांत पत्र येईल.

उतरताना त्यांच्या पायऱ्या मी कानाने मोजल्या.
वळणावर सायकलला धडकले, घंटी वाजली.
हे हसले. अर्धे.

मग मी कॅलेंडरपाशी गेले,
आजच्या चौकोनात नऊ लिहिलं,
आणि कंपनीचं कुणी पुन्हा आलंच तर म्हणून
त्यापुढे
लिटर.