सकाळचा आकडा

सातपूरच्या कारखान्यात एकतीस वर्षं मोटारी गुंडाळल्या
आणि मग अंजनेरीच्या पायथ्याला, वस्तीपासून लांब,
जिथं विजेचा खांब यायला राजी नाही,
तिथं पत्र्याच्या दोन खोल्या घातल्या.
वर एक पॅनल, शंभर वॉटचं.
खाली कोपऱ्यात बॅटरी, लाकडी पाटावर,
आजारी पाहुण्यासारखी जपलेली.
एक दिवा, एक रेडिओ, एक मोबाईल, एक मी.
हिशेब जुळत होता.

रोज उजाडायच्या आधी मीटरच्या पिना टेकवायच्या
आणि वहीत लिहायचं:
बारा पॉइंट सहा.
बारा पॉइंट सहा.
बारा पॉइंट पाच, ढगाळ.

कार्तिकात मथूआक्का आली.
एक पेटी, सुयांचा डबा, जुन्या लुगड्यांची दोन गाठोडी.
"मुलाकडे करमत नाही," एवढंच म्हणाली.
पुढचं मी विचारलं नाही.
रात्री अकरा-अकरापर्यंत गोधड्या शिवायची.
रेडिओ ऐकायची नाही, पण लागायचा तिला,
घरात कुणीतरी बोलत असलेलं.

बारा पॉइंट तीन.
बारा पॉइंट एक.
एका पहाटे अकरा पॉइंट नऊ. खाली मी लाल रेघ मारली.
बोललो काही नाही.
वही मात्र चुलीशेजारच्या फळीवर राहिली, उघडी,
आणि आक्का चौथी शिकलेली.

पुढचा आठवडा धुक्याचा. दुपारी दोनपर्यंत डोंगर दिसेना,
तरी आकडा चढत गेला.
बारा पॉइंट दोन. बारा पॉइंट चार.
मी मीटरचा सेल बदलला, बॅटरीची टोकं घासली.
मग एका रात्री लघवीला उठलो
तर ती अंधारात बसलेली,
मांडीवर गोधडी, सुई चाललेली,
रेडिओ बंद,
आणि सातच्या बातम्या स्वतःशीच पुटपुटत.

सकाळी पहिल्या गाडीनं नाशिक.
द्वारकेजवळ शफी कोकणीचं दुकान.
"जुनं अठरा वोल्टचं? मग हेही अठराचंच ने.
शेजारी शेजारी जोड, प्लसला प्लस, मायनसला मायनस.
एकामागे एक ओवलंस
तर एकावर सावली पडली की दुसऱ्याचेही पाय बांधले."
दहा अँपिअरचा कंट्रोलर देऊन वीसचा घेतला.
त्याचं कारण मला कुणी सांगायला नको.
तार तापते तेव्हा बोलत नाही.
वास येतो, तेव्हा उशीर झालेला असतो.

त्र्यंबक गाडीत कंडक्टर म्हणाला,
"आरशाचं अर्धं तिकीट लागेल, काका."
"आरसा नाही, पॅनल आहे."
"मग पूर्ण."
ते बसलं. मी उभा.

छपरावर चढवलं, तोंड दक्षिणेला.
जोडताना ठिणगी नको,
"वरून टाकायला काहीतरी जाड दे," म्हणालो.
आक्कानं नवीच गोधडी वर केली.
भर बारा वाजता पॅनलला झोपवलं,
पिना खटकन बसल्या,
आणि काठ नाकाशी आला तेव्हा दिसलं:
सगळे टाके मुंग्यांच्या रांगेसारखे,
फक्त निळ्या लुगड्याच्या वीतभर पट्टीत
वाट चुकलेले, एकमेकांवर चढलेले.
"सुई जाड होती," ती खालून म्हणाली, शिडी धरून.
"असेल."
गोधडी ओढली.
कंट्रोलरवर नऊ पॉइंट आठ.

चार वाजता आंब्याची सावली जुन्या पॅनलवर आली.
नवं आपलं काम करत राहिलं.

आज मला उशिरा जाग आली.
मीटर खुंटीला नव्हता.
वहीत तिच्या अक्षरात, टिंब विसरून,
१२७
आणि शेजारी पिठाचा अंगठा.
टिंब मी घातलं नाही.
रेडिओ लासलगावचे भाव सांगत होता.
लख्ख उजाडलं होतं, तरी दिवा चालू.